मानसशास्त्रातली पीएचडी: कुणी घ्यावी आणि कुठे अडते

महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांतली मानसशास्त्राची पीएचडी घ्यावी का, हे एका प्रश्नावर ठरतं. तुम्हाला संशोधन आणि अध्यापन करायचंय, की रुग्णांवर उपचार? संशोधन करायचं असेल तर ही पदवी मेहनतीचं मोल देते. माणसाच्या वागण्याबद्दल एखादा दावा तपासायचा कसा, हे इतक्या तपशिलात शिकवणारी दुसरी जागा आपल्याकडे नाही. उपचार करायचे असतील तर मात्र अर्ज भरण्याआधी थांबा.

डॉक्टरेट झाली की क्लिनिक उघडता येतं, हा समज एम.ए.च्या वर्गांत फार पसरलेला आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या शिक्षणावर उभी आहे. त्या शिक्षणात देखरेखीखालचं प्रत्यक्ष रुग्णकाम असतं. पीएचडीत ते नसतं. त्यामुळे नावाआधी ‘डॉ.’ लागलं तरी केवळ त्या जोरावर आरसीआयच्या नोंदवहीत नाव चढत नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022च्या नियमांत एम.फिल. ही एम.ए.नंतरची पदवी बंद केली; क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ची वैधता तेवढी 2025-26 या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढवली. उपचाराच्या वाटेने जायचं असेल तर प्रवेश घ्याल त्या वर्षी कोणता अभ्यासक्रम कोणत्या संस्थेत मान्य आहे, हे आरसीआयच्या संकेतस्थळावरच पाहावं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. या एका गैरसमजापायी पाच-सहा वर्षं चुकीच्या रांगेत जातात, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

आता प्रवेश. 7 नोव्हेंबर 2022ला अधिसूचित झालेल्या यूजीसीच्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के लागतात. एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना 5 टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांना थेट पीएचडीला अर्ज करता येतो. कागदावर ही सोय चांगली दिसते. पण एम.ए.त होणारा मानसशास्त्रीय कसोट्यांचा सराव आणि संख्याशास्त्राची उजळणी हातात नसताना थेट प्रबंधाला भिडणं जड जातं, आणि सल्ला विचाराल तर एम.ए. करूनच या.

जून 2024पासून नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह), सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, आणि फक्त पीएचडी. जेआरएफवाल्यांना मुलाखतीवर प्रवेश मिळतो. बाकी दोन गटांत परीक्षेला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, आणि पीएचडी प्रवेशासाठी ते गुण एक वर्षच चालतात. हे वर्ष बरेच जण गमावतात, कारण विद्यापीठाची जाहिरात उशिरा निघते आणि तोवर गुणांची मुदत संपत आलेली असते. काही विद्यापीठं स्वतःची ‘पेट’ ही पीएचडी प्रवेश परीक्षाही घेतात. तिथे निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. मानसशास्त्राची मुलं फ्रॉइड, पियाजे, स्किनर पाठ करून जातात आणि संशोधन पद्धतीच्या निम्म्या भागात अडकतात. विश्वसनीयता आणि वैधता यांतला फरक, टाइप एक आणि टाइप दोन चूक (नसलेला फरक दिसणं आणि असलेला न दिसणं), अनोव्हा कधी लावायचा आणि रिग्रेशन कधी, एवढं पक्कं केलं तरी परीक्षा बरीच सोपी होते.

प्रवेशापेक्षाही महत्त्वाचा निर्णय म्हणजे गाईड. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, त्यामुळे मनातल्या गाईडचं निवृत्तीचं वर्ष आधीच विचारून घ्या. त्यात संकोच कसला? त्यानंतर शोधगंगा या संकेतस्थळावर जा. तिथे देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात आणि बऱ्याच नोंदींत नोंदणीची आणि पूर्ण झाल्याची तारीखही असते. तुमच्या गाईडच्या विद्यार्थ्यांना सरासरी किती वर्षं लागली, विषय एकाच साच्यातले आहेत का, आकडेवारीची प्रकरणं कशी लिहिली आहेत, हे दोन संध्याकाळींत कळतं. कुणाला तोंडी विचारून इतकं खरं उत्तर मिळत नाही.

मुदत प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात: कोर्सवर्क (सुरुवातीचे वर्गातले विषय) धरून किमान 3 वर्षं आणि कमाल 6. फेरनोंदणी करून आणखी 2 मिळतात. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी 2, म्हणजे एकूण 10पर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंतची रजा वेगळी आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. परदेशी विद्यापीठाचं नाव पुढे करून ऑनलाइन डॉक्टरेट विकणाऱ्या कंपन्यांबद्दल यूजीसी आणि तंत्रशिक्षण परिषद एआयसीटीईने 2022 मध्ये जाहीर इशारा दिला होता, तरी त्या जाहिराती अजून फिरतात.

कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीती हा विषय सक्तीचा आहे. 55 टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आठवड्याला 4 ते 6 तास शिकवण्याचं किंवा संशोधन साहाय्याचं काम विभाग देऊ शकतो. ते टाळू नका, वर्गात संख्याशास्त्र समजावून सांगताना स्वतःच्या समजुतीतली भोकं दिसतात. या सगळ्या व्यवस्थेत आम्हाला सगळ्यात दुबळा वाटतो तो कोर्सवर्कचाच भाग. मानसशास्त्राला लागणारी मापनाची तयारी, म्हणजे कसोटी कशी बनते, घटक विश्लेषण म्हणजे काय, प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना काय तुटतं, यांवर सगळ्या विद्याशाखांसाठी एकत्र चालणाऱ्या तासांत फारसं काही मिळत नाही. ते स्वतः शिकावं लागतं. जामोवी आणि जास्प ही आकडेवारीची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यावर हात बसवला तर विकतच्या एसपीएसएससाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागत नाही.

आणि आता कसोट्या. मानसशास्त्रातल्या बहुतेक पीएचडी इथेच रखडतात.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, इंग्रजी कसोटीचं नाव लिहिणं सोपं असतं. समितीही ते मान्य करते. मग नमुना ठरतो ग्रामीण भागातल्या नववी-दहावीच्या मुलांचा, आणि कसोटीचं मराठी रूप कुठेच नाही, हे तेव्हा लक्षात येतं. भाषांतराला गाईड एक महिना देतात, प्रत्यक्षात नीट करायला सहा महिने तरी लागतात. आधी मूळ प्रकाशकाची किंवा लेखकाची लेखी परवानगी. पीएचक्यू-9सारखी नैराश्य तपासणारी साधनं खुली आहेत, पण बेकची नैराश्य मोजपट्टी किंवा वेक्सलरच्या बुद्धिमापन कसोट्या पियरसन या प्रकाशकाकडून विकत घ्याव्या लागतात आणि त्यांची झेरॉक्स चालत नाही. नंतर दोन जणांनी स्वतंत्रपणे केलेलं मराठी भाषांतर, त्यांची जुळवणी, मूळ कसोटी न पाहिलेल्या तिसऱ्याकडून पुन्हा इंग्रजी, तज्ज्ञांचं परीक्षण, मग ज्यांच्यासाठी कसोटी आहे त्या वयाच्या दहा-पंधरा जणांसोबत बसून प्रत्येक विधानाचा त्यांना काय अर्थ लागला हे ऐकणं, आणि शेवटी पायलट, म्हणजे छोट्या गटावर करून पाहणं.

मधलं ते ऐकणं कुणी करत नाही आणि नेमकं तिथेच बिघडतं. इंग्रजीत भीतीने पोटात फुलपाखरं उडतात. आपल्या मुलाच्या पोटात गोळा येतो. शब्दाला शब्द ठेवला तर मूल गोंधळतं आणि मधला पर्याय निवडतं. नकारार्थी विधानं त्याहून घातक. ‘मला कधीच एकटं वाटत नाही’ या विधानापुढे ‘कधीच नाही’ हा पर्याय ठेवला, तर मराठीत ते होकार की नकार, हे मोठ्या माणसालाही चटकन सांगता येत नाही. पर्याय ‘अगदी बरोबर’ ते ‘अगदी चूक’ असे ठेवले की हा गुंता सुटतो.

पायलटनंतर क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे कसोटीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, 0.70च्या खाली आला तर घाबरून कसोटी बदलण्याआधी एक गोष्ट तपासा: उलट गुणांकनाची विधानं, म्हणजे जिथे ‘बरोबर’ला कमी गुण असतात ती, तुम्ही उलटवली का? न उलटवता बेरीज केली की अल्फा कोसळतो, कधी उणेही येतो, आणि चांगलं साधन वाईट ठरून बाजूला पडतं. आम्ही वाचलेल्या प्रबंधांत ही चूक पुन्हा पुन्हा दिसते.

नमुन्याचा आकडा ‘300 पुरेत’ असा हवेतून घेऊ नये. जी-पॉवर हे फुकट सॉफ्टवेअर पाच मिनिटांत हिशेब देतं. दोन चलांत, म्हणजे मोजलेल्या दोन गोष्टींत, 0.30चा सहसंबंध असेल आणि तो 80 टक्के शक्यतेने सापडायला हवा असेल, तर साधारण 85 जण लागतात. दोन गटांत मध्यम फरक असेल तर प्रत्येक गटात 64. एका चलाचा परिणाम तिसऱ्या चलाने बदलतो, असा आंतरक्रियेचा प्रश्न असेल तर आकडा बराच वाढतो. चार शाळांतून आठ वर्ग घेतले असतील, तर एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात हे विश्लेषणात धरावं लागतं, नाहीतर नसलेला फरक ‘लक्षणीय’ दिसतो.

नीती समितीची मंजुरी विदा, म्हणजे माहिती, गोळा करण्याआधी हवी. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागते आणि सोबत मुलाचा स्वतःचा होकार: 7 ते 12 वयात तोंडी, 12 ते 18 मध्ये लेखी. मुख्याध्यापकांच्या सहीने पालकांची संमती भरून निघत नाही. शाळांचं काम जूनचा प्रवेशाचा गोंधळ आणि मार्चच्या परीक्षा सोडूनच करता येतं, म्हणजे वर्षातले पाच-सहा महिनेच हाती येतात. वेळापत्रक त्या हिशेबाने आखा. नैराश्याची कसोटी वापरत असाल, तर आत्महत्येच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला कुणी ‘हो’ म्हटलं तर त्याच दिवशी कुणाला कळवायचं, कुठे पाठवायचं, हे आधी लिहून ठेवा. याबाबतीत ढिलाई अक्षम्य आहे.

दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं. समिती नीट चालवली तर ही फार मोलाची सोय आहे. त्रुटी लेखी मागून घ्या, पुढच्या वेळी उत्तर देताना उपयोग होतो.

2022च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. हा बदल आम्हाला पटतो, कारण त्या सक्तीने पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा वाढला होता. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते मात्र बघा. साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का हे पाहताना, 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, 40 ते 60ला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, 60च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यात धरत नाहीत. अहवाल काढताना ते वगळले आहेत याची खात्री करा. विकत घेतलेली कसोटी परिशिष्टात जशीच्या तशी छापू नका. प्रबंध शोधगंगेवर जातो, म्हणजे ती कसोटी सगळ्या जगापुढे उघडी पडते आणि स्वामित्वहक्काचाही भंग होतो. नमुन्यादाखल दोन-तीन विधानं पुरतात, तीही परवानगीने.

प्रबंध गाईडसह विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. एकाने नाकारला तर पर्यायी परीक्षक नेमतात, त्यानेही नाकारला तर प्रबंध फेटाळला जातो. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, ऑनलाइन होऊ शकतो. सादर केल्यापासून सहा महिन्यांत सगळं आटपावं असं नियम सांगतो.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ 1 जानेवारी 2023पासून महिना 37,000 रुपये आहे, पुढे एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) 42,000. नेट नसलेल्यांसाठी महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आपापल्या समाजघटकांसाठी आहेत. हप्ता उशिरा येईल असं धरूनच घरखर्चाचा हिशेब ठेवा. प्राध्यापकीसाठी जुलै 2023पासून सहायक पदाला नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) पुरते, पीएचडी ऐच्छिक आहे. फक्त नोकरीचा दरवाजा उघडायचा असेल तर आधी सेट द्या.

अमेरिकेत जाऊन पेशंट पाहायचा विचार असणाऱ्यांसाठी हिशेब उलटा आहे. तिथे बहुतेक राज्यांत सायकॉलॉजिस्ट म्हणून परवाना डॉक्टरेटवरच मिळतो, पण ती क्लिनिकल किंवा समुपदेशनाची पीएचडी नाहीतर साय.डी. ही उपचारावर भर देणारी डॉक्टरेट असते, तिच्यात वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप असते, वर ईपीपीपी ही परवान्याची परीक्षा आणि राज्यागणिक बदलणारे देखरेखीचे तास. इथली संशोधनाची पीएचडी त्या जागी सहसा चालत नाही.

व्हायवा झाल्यावर विद्यापीठाकडून तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या. पदवी यूजीसीच्या नियमांनुसार दिली आहे, असा उल्लेख त्यात असावा लागतो. तो नसेल तर मुलाखतीच्या छाननीत अर्ज अडतो आणि पुन्हा परीक्षा विभागाच्या खेपा सुरू होतात, म्हणून खिडकीवरून हलण्याआधी तिथेच उभं राहून वाचा.