टोल्युइडिन ब्लू: हिरडीवरच्या चट्ट्यासाठी कितपत भरवशाचं?

तोंडातल्या कॅन्सरचा संशय असलेल्या चट्ट्यावर लावायचा हा निळा रंग दातांच्या दवाखान्यात असावाच, पण त्याच्या जोरावर बायोप्सी (चट्ट्याचा तुकडा काढून तपासणं) टाळू नये. तो पेशीकेंद्रातल्या न्यूक्लिक आम्लांना (डीएनए-आरएनए) चिकटतो. भराभर वाढणाऱ्या पेशींत ती जास्त, म्हणून तिथे गडद निळा डाग उमटतो.

लागतात दोनच द्रावणं: १ टक्का अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि १ टक्का रंग. आधी ओल्या गॉझने हिरडीवरचा चिकट थर पुसा. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड २० सेकंद, पाण्याची चूळ, रंग १ मिनिट, पुन्हा अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि चूळ. दुसऱ्यांदा अ‍ॅसिड लावताना घाई केली तर सगळंच निळं दिसतं. फिकट निळं जे पुसलं जातं ते सोडा. गडद राहतं, ते महत्त्वाचं.

गालापेक्षा हिरडीवर हा रंग जास्त फसवतो. दाताच्या कडेला साचलेला थर, किटणाने सुजलेली हिरडी, कवळीने घासलेली जागा, सगळं रंग धरतं. म्हणून किटण काढा, कवळी बंद ठेवा आणि १४ दिवसांनी पुन्हा रंगवा. तरीही डाग राहिला किंवा चट्टा तसाच असला, तर थांबू नका, बायोप्सी करा. उलट चूकही होते, आणि ती जास्त घातक: मिश्री-तंबाखूवाल्यांच्या जाड पांढऱ्या चट्ट्यावर केराटिनचा (नखांत असतं त्या कडक प्रथिनाचा) थर असतो, रंग आत पोचतच नाही. तो चट्टा निळा झाला नाही म्हणून पेशंटला 'काही नाही' सांगून घरी पाठवणं साफ चूक.

हलतो म्हणून दात काढला आणि खड्डा तीन-चार आठवड्यांत भरेना, उलट त्यातून मांस वर येतंय, अशा वेळी रंगाच्या भानगडीत पडूच नका. भरत्या जखमेतलं कोवळं मांसही निळंच होतं. थेट तुकडा घ्या.

या रंगाची खरी किंमत कळते ती मोठ्या, लाल-पांढऱ्या मिश्र चट्ट्यावर. सर्वांत गडद जागा निवडून कडेचा तुकडा घ्या, मधला कुजका भाग नको. भूल चट्ट्यात न टोचता बाजूला द्या, नाहीतर पेशींची रचना बिघडते. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, त्याच्या दहापट द्रावणात. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा खराब होतो. तुकड्यासोबतच्या फॉर्मवर 'तोंडातला चट्टा' एवढंच नको; 'खालची हिरडी, डावीकडे, ३६ नंबरच्या दाताची बाहेरची बाजू' असं लिहा.