झूमवर तबला शिकताना: डग्गा पलीकडे पोचतो का?

झूमवर तबला नीट शिकता येतो, पण ॲप उघडलं आणि सुरू केलं असं करून नाही. झूम घडवलाय बोलण्यासाठी. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकी सगळं गाळायचं हे त्याचं काम, आणि पंख्याची घरघर व धिंचा नाद यांत तो फारसा फरक करत नाही.

मूळ सेटिंगवर तास घेतला तर काय होतं? चाटेवरचा (तबल्याच्या कडेच्या पट्टीवरचा) ‘ना’ पोचतो, पण नुसता टक असा. मागची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, कापलेली असते. लवेवरचा (चाट आणि शाई यांच्या मधल्या भागावरचा) ‘तिं’ अर्धामुर्धा येतो. डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या खर्जाच्या वाद्याची, मींड (मनगटाच्या दाबाने सरकणारा स्वर) बहुतेक नाहीशीच होते. मागे लावलेला तानपुरा किंवा लेहरा (तालाच्या आवर्तनाची पुन्हापुन्हा वाजणारी धून) थोड्या वेळात विरतो, कारण एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं ॲपने धरलेलं असतं. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सारखी करणं. हलका ‘कि’ वर उचलला जातो आणि जोरकस ‘धा’ खाली दाबला जातो. मग बोलांचं वजन शिकवायचं कसं? ‘तिरकिट’मधली चारही अक्षरं सारखी वाजताहेत की नाहीत, हे गुरुजींना पलीकडून सांगताच येत नाही.

यावरचा उपाय झूममध्येच आहे, आणि तबल्यासाठी इतर ॲपपेक्षा झूम बरा म्हणायचा तो त्यामुळेच. लॅपटॉपवर सेटिंग्ज उघडून ऑडिओमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा. त्याखालचा ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ चालू करा. मायक्रोफोनची पातळी आपोआप बदलण्याच्या पर्यायावरची खूण काढा. मग पूर्ण जोराने ‘धा’ वाजवून पातळी अशी ठेवा की आवाज फाटणार नाही. पट्टी दोन-तृतीयांशापर्यंत गेली की पुरे. ‘एको कॅन्सलेशन’ बंद केलं तर आस आणखी मोकळी होते, मात्र तेव्हा दोन्ही बाजूंनी हेडफोन हवेतच. नाहीतर गुरुजींचा आवाज तुमच्या स्पीकरमधून मायकात शिरून त्यांच्याकडे परत जातो. एक गोष्ट हमखास राहून जाते: सेटिंग करून ठेवलं तरी तास सुरू झाल्यावर पडद्यावरचं ओरिजिनल साउंडचं बटण चालू आहे का, हे पाहावं लागतं. आणि हे दोघांनीही करायचं. फक्त शिष्याने केलं तर गुरुजींना शिष्याचा डग्गा ऐकू येईल, शिष्याला गुरुजींचा येणार नाही.

ऐकण्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत, त्यामुळे उत्तम आवाज आला तरी त्यातून डग्गा ऐकू येणार नाही. वायरवाले हेडफोन घ्या. ब्लूटूथ इथे दोनदा अडवतो: आधीच असलेल्या विलंबात भर घालतो, आणि त्याचाच मायक वापरला की आवाज टेलिफोनच्या दर्जावर घसरतो. बाहेरचा साधा यूएसबी मायक दोन्ही वाद्यांच्या मधोमध, दीडेक फुटावर ठेवला की पुरतो. तो डग्ग्याच्या अगदी जवळ नेला तर ‘घे’ सगळ्यावर चढतो.

आता विलंबाबद्दल. यात झूमचा दोष थोडा आहे, बाकीचा भूगोलाचा. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किमी, म्हणजे सरळ रेषेत तार टाकली तरी एका दिशेला ६० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागणारच. प्रत्यक्षात वळणावळणाचा मार्ग, वायफाय आणि ॲपची प्रक्रिया धरून जाण्यायेण्यात ३०० मिलिसेकंद सहज होतात. तीनतालाची लय मिनिटाला ६० मात्रा असेल तर चौगुनीत (एका मात्रेत चार अक्षरं) एक अक्षर २५० मिलिसेकंदांचं, म्हणजे अख्खं अक्षर मागे-पुढे. गुरुजींनी हाताने ताल धरायचा आणि शिष्याने त्यावर वाजवायचं, हे त्यामुळे बसतच नाही. प्रयत्न केला तर शिष्य प्रत्येक आवर्तनात लय ओढत नेतो, कारण दोघंही एकमेकांची वाट पाहत असतात. न्यू जर्सीतल्या मुलाला लय कच्ची म्हणून रागावण्याआधी हे ध्यानात घ्यावं. पुण्यातल्या पुण्यात तास असला तरी विलंब उरतोच, फक्त कमी. कमी विलंबाने एकत्र वाजवण्यासाठीची सोनोबस किंवा जॅकट्रिपसारखी साधनं एकाच शहरात, वायरच्या इंटरनेटवर चांगली चालतात. समुद्रापलीकडे त्यांचाही इलाज नाही.

म्हणून तासाची घडी वेगळी बसवावी लागते. लेहरा नेहमी शिष्याच्या खोलीत वाजावा: आयलेहरासारखं ॲप किंवा राडेलचं सुनादमाला यंत्र, काहीही चालेल. शिष्य लेहऱ्यावर वाजवतो आणि गुरुजी आपला मायक बंद ठेवून ऐकतात. त्यांना दोन्ही आवाज एकत्रच उशिरा पोचतात, त्यामुळे सम (तालाची पहिली मात्रा) चुकली की लगेच कळते. मायक चालू राहिलाच तर मधेच ‘हं, वा’ म्हणणंही टाळावं. एको कॅन्सलेशन चालू असेल तर तेवढ्याने शिष्याचे दोन बोल गिळले जातात. दुरुस्ती आवर्तन संपल्यावर करायची. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, मात्र या माध्यमात फार छान चालते. टाळी-खालीसकट कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) तोंडाने म्हणून घेणं, मग पलटे (त्याच बोलांची उलटापालट), मग तिहाईचा (तीनदा म्हणून समेवर येणाऱ्या तुकड्याचा) हिशोब: यात आवाजाची कसर आड येत नाही, आणि समोरासमोरच्या घाईच्या वर्गात याकडे बरेचदा दुर्लक्षच होतं.

कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर हवा. फोन तिवईवर, शिष्याच्या उजवीकडून तिरपा, छातीच्या उंचीवर आणि खाली झुकलेला ठेवा. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली आहे ना, तर्जनी चाटेवर आपटून लगेच उठते का, हे या कोनातून दिसतं. लॅपटॉपवर आवाज आणि फोनवर हात असं करायचं असेल तर फोनवरून सामील होताना ऑडिओ जोडू नका, नाहीतर कान फाडणारी शिट्टी सुटते. वेगातलं ‘धिरधिर’ कोणत्याही व्हिडिओ कॉलवर पुसटच दिसतं. ते फोनच्या स्लो मोशनमध्ये टिपून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून बारीक केला जातो. डग्ग्यावरचा मनगटाचा दाब कॅमेऱ्यात कळत नाही. मींड घुमत नसेल तर त्यासाठी प्रत्यक्ष भेटच लागते.

झूमच्या मोफत खात्यात दोघांचा तासही ४० मिनिटांत तुटतो. गुगल मीटवर दोघांना ही अडचण नाही. तिथे नॉइज कॅन्सलेशन बंदही करता येतं, पण झूमइतकं बारकाईने आवाज मोकळा करता येत नाही. व्हॉट्सॲप कॉल फक्त पढंतीला ठीक आहे. आयफोनवर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमधून मायक मोड ‘वाइड स्पेक्ट्रम’ करता आला तर बराच फरक पडतो.

वाद्य सुरात नसेल तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही, आणि दूरच्या शिष्याची खरी अडचण तीच असते. अमेरिकेतल्या हिवाळ्यात हीटरने पुडी (वाद्याच्या तोंडावरचं कातडं) सुकून स्वर चढतो, कोकणातल्या पावसात ती सैल पडून उतरतो. काळी एक या सुरासाठी (पेटीची पहिली काळी पट्टी) सव्वापाच ते साडेपाच इंची तोंडाचा तबला घ्या. तानपुरा ॲप लावून आधी गठ्ठ्यांनी (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांनी) ढोबळ सूर जुळवा, मग गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या वेणीवर) हातोडीने समोरासमोरची घरं मिळवत १६ घरं पुरी करा. पहिले काही तास गुरुजींनी यालाच दिले तर ते वाया गेले असं समजू नये.

आठ वर्षांखालच्या मुलांना सुरुवातीचे तीन-चार महिने मी प्रत्यक्ष वर्गातच पाठवायला सांगेन. हात एकदा वाकडा बसला की पडद्यावरून सरळ होत नाही. मूळ हात बसलेल्यांना कायदे, रेले (जलद बोलांच्या रचना) आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांच्या तयारीसाठी झूम निश्चित पुरतो. मात्र परीक्षेच्या आधी महिनाभर तरी पेटीवर लेहरा धरणारा माणूस शोधा. ॲपची लय कधी हलत नाही, माणसाची हलते, आणि नुसत्या ॲपवर रियाज केलेला विद्यार्थी तिथे गोंधळतो. फी भरण्याआधी एक चाचणी तास मागा. त्यात शिकवणारे स्वतः हेडफोन लावून तुमच्या डग्ग्याचा आवाज आधी तपासतात का, एवढं बघा.