तारवार गेलेल्या आजोबांचा माग: ‘१९१५ क्रू लिस्ट्स’ या संकेतस्थळाचा अनुभव

गोव्यातल्या बार्देश तालुक्यात पुष्कळ ख्रिस्ती घरांत दर्शनी भिंतीवर एका तरुणाचे पिवळे पडलेले छायाचित्र असते आणि त्याच्याबद्दल विचारले की ‘तो तारवार होता’, म्हणजे बोटीवर नोकरीला होता, एवढेच उत्तर मिळते. कोणत्या बोटीवर, कोणत्या हुद्द्यावर, किती वर्षे, याची माहिती घरात कोणालाच नसते. अशा माणसाचा शोध घ्यायचा असेल तर ग्रिनिचचे नॅशनल मेरिटाइम म्युझियम आणि ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार यांनी मिळून उभारलेले ‘१९१५ क्रू लिस्ट्स’ हे विनामूल्य संकेतस्थळ मी मनापासून सुचवीन. मात्र ते कसे वापरावे, हे समजून न घेता तिथे गेलेला माणूस निराश होऊनच परतेल.

माझ्यावर हा शोध आला तो शेजारच्या मावशींमुळे. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांचे आजोबा, म्हणजे त्यांच्या शब्दांत ‘शापाय’, तरुणपणी मुंबईला गेले, धोबीतलावला गावच्या कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहिले आणि तिथून बोटीवर चढले. घरच्या पेटीत त्यांचे रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीतले एकच पत्र शिल्लक आहे आणि त्यात बोटीचे नाव नाही. ‘पर्शिया’ बोट बुडाली तेव्हा ते तिच्याबरोबर गेले, असे घरात तीन पिढ्या सांगितले जाते, आणि मावशी दर वर्षी ३० डिसेंबरला त्यांच्यासाठी चर्चमध्ये मीस, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगतात. यापूर्वी त्यांच्या मुलाने एका सशुल्क वंशावळ सेवेला बारा हजार रुपये दिले होते. त्या सेवेने छापून पाठवलेल्या सुबक वंशवृक्षात नाव बरोबर होते, पण माणूस दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा होता आणि त्याच्या बापाचे नावही जुळत नव्हते. तो कागद मावशींनी कधी भिंतीवर लावला नाही.

आता संकेतस्थळाविषयी. ब्रिटिश व्यापारी बोटीवर नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाला कराराच्या यादीत नाव नोंदवावे लागे आणि सफर संपली की ती यादी सरकारजमा होई. १८६१ ते १९३८ या काळातल्या अशा याद्यांपैकी सुमारे सत्तर टक्के आज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत, दहा टक्के ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नमुन्यादाखल ठेवलेल्या आहेत, आणि ५ ने संपणाऱ्या सालांच्या उरलेल्या याद्या ग्रिनिचला आहेत. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने यांपैकी १९१५ या एका सालाच्या सुमारे ३९,००० याद्या स्वयंसेवकांनी वाचून, अक्षर लावून, शोधता येतील अशा स्वरूपात आणल्या. त्यांत साडेसात लाखांहून अधिक नोंदी आहेत. एकाच सालापुरते हे काम असले तरी प्रत्येक नोंदीत नाव, वय, जन्मस्थान, घरचा पत्ता, हुद्दा, बोटीवर चढल्याची आणि उतरल्याची तारीख व बंदर, आणि या सर्वांहून मोलाचा असा ‘याआधीची बोट’ हा रकाना असल्यामुळे ते एक साल मागची-पुढची वर्षेही उघडून देते.

नावावर विसंबून राहिलात तर मात्र काही हाती लागत नाही. फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज ही आडनावे किती जणांची असतात, हे गोमंतकीय वाचकाला सांगायला नको. त्यात बोटीवरचा इंग्रज कारकून कानावर पडेल तसे लिहीत असे, म्हणून कायतान हे नाव कुठे ‘क’च्या, तर कुठे ‘स’च्या उच्चाराप्रमाणे लिहिलेले आढळते आणि आडनावाच्या शेवटी कधी ‘एस’ असतो, कधी ‘झेड’. मी दोन संध्याकाळी नावे चाळण्यातच घालवल्या. मग पद्धत बदलली आणि आधी घरचा अभ्यास केला. पाद्रींच्या परवानगीने चर्चमधली बाप्तिस्म्याची वही पाहिली, तीत वर्ष १८८७ निघाले, म्हणजे १९१५ साली वय सत्तावीस किंवा अठ्ठावीस असणार. त्यानंतर संकेतस्थळावर नावाची जागा मोकळी ठेवून जन्मस्थान गोवा आणि वय सव्वीस ते तीस असा शोध, एकेक वय घालून, घेतला. वयाला एक-दोन वर्षांची मोकळीक ठेवावीच, कारण खलाशी आपले वय अंदाजाने सांगत. या वाटेने उमेदवार अकरांवर आले.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या क्षेत्रोपाध्यायांपुढे बसून गाव आणि आडनाव सांगितल्यावर ते वही उघडतात आणि पणजोबांनी केलेला लेख समोर येतो, तो क्षण ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना पुढचे वर्णन समजेल. हे संकेतस्थळ केवळ उतरवून घेतलेली नोंद दाखवून थांबत नाही, तर मूळ पानाचे छायाचित्रही दाखवते. अकरा पाने मी एकेक करून मोठी करून पाहिली. सातव्या पानावर, पॅन्ट्रीमन (बोटीच्या भांडारघरातला नोकर) या हुद्द्यासमोर, सहीच्या रकान्यात आडनावाच्या पहिल्या अक्षराची वरची रेघ लांबवर ओढलेली होती आणि तिच्याखाली शेजारीशेजारी दोन ठिपके होते. पेटीतल्या पत्राच्या शेवटी अगदी तशीच रेघ आहे आणि तसेच दोन ठिपके आहेत. मावशींनी पत्र आणि पडदा यांच्याकडे आळीपाळीने पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

त्याच ओळीत पुढे, मुंबई बंदरात २० डिसेंबर १९१५ रोजी उतरल्याची नोंद होती. पी अँड ओ कंपनीची ‘पर्शिया’ लंडनहून मुंबईकडे येत असताना ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीच्या तडाख्याने बुडाली आणि बोटीवरच्या ५१९ जणांपैकी ३४३ जण मेले. वीस तारखेला मुंबईच्या धक्क्यावर असलेला माणूस दहा दिवसांनी भूमध्य समुद्रात, तेही मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर असणे शक्य नाही. तीन पिढ्यांची समजूत एका तारखेने फिरली.

एक मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, विशेषतः रत्नागिरी, मालवण आणि पेडण्याकडच्या वाचकांसाठी, ज्यांचे पूर्वज सारंग (खलाशांचा मुकादम), टिंडल (त्याचा दुय्यम), कसाब (कोठारवाला) किंवा भंडारी (स्वयंपाकी) म्हणून बोटीवर होते. आशियाई खलाशांचे करारनामे पुष्कळदा वेगळे केले जात आणि त्यांतले बरेच टिकलेले नाहीत, त्यामुळे या संग्रहात त्यांची संख्या प्रत्यक्षाहून फार कमी दिसते. तुमचा माणूस इथे सापडला नाही म्हणजे तो बोटीवर नव्हताच, असा निष्कर्ष कधीही काढू नका. बोटीवर मृत्यू आल्याची घरात वदंता असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची विनामूल्य यादीही त्याचबरोबर पाहावी. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना थडगे नाही अशा दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. गोव्याची माणसे पोर्तुगीज प्रजाजन असली तरी ब्रिटिश बोटीवर मेलेल्यांची नावे आयोगाच्या नोंदींत आहेत, आणि काही नोंदींत बापाचे नाव व गावही दिलेले असते. मावशींच्या शापायचे नाव मला तिथे मिळाले नाही.

‘याआधीची बोट’ या रकान्यातले नाव घेऊन मी त्याच संकेतस्थळावर बोटीच्या नावाने पुन्हा शोध घेतला, तेव्हा १९१५ च्या जानेवारीतली त्यांची दुसरी नोंद मिळाली आणि तिच्यात १९१४ मधल्या बोटीचे नाव मिळाले. बोटीचा अधिकृत क्रमांक यादीवरच असतो. तो न विसरता उतरवून घ्यावा, कारण एकाच नावाच्या अनेक बोटी असत आणि न्यूफाउंडलंडकडे यादीची प्रत मागताना हा क्रमांक व साल हेच लागतात. तिथली प्रत विनामूल्य नाही, पण निदान कशासाठी पैसे मोजतो आहोत हे माणसाला ठाऊक असते. १९१५ च्या शेवटच्या बोटीची १९१६ ची यादी आम्ही मागवली आहे, ते त्याच बोटीवर परत चढले असतील या आशेने.

मावशींनी मला एकच प्रश्न विचारला: मग आता मीस कोणत्या तारखेला सांगायची? मी निरुत्तर झालो. उत्तर येईपर्यंत तारीख बदलायची नाही, असे त्यांनीच ठरवले आणि यंदाची मीसही ३० डिसेंबरचीच लिहून आल्या.