इंटू द ब्रीच : आठ महिने, एक रिसेट आणि फुगलेली बॅटरी

गेल्या महिन्यात इंटू द ब्रीच या कॉम्प्युटर गेमच्या तिसऱ्या बेटावर एका चुकीच्या क्लिकने माझा अख्खा रन, म्हणजे सुरुवातीपासून खेळत आणलेला डाव, गेला. त्या रागात हे लिहायला घेतलं होतं. अर्धं लिहून बाजूला ठेवलं. नंतर जे घडलं त्यामुळे त्यातलं बरंच खोडावं लागलं, पण एक तक्रार तशीच ठेवली आहे, कारण ती आजही मला शंभर टक्के रास्त वाटते.

मी रोज रात्री जेवणं आवरली की अर्धा-पाऊण तास खेळते, त्याहून जास्त नाही. पतसंस्थेत नोकरी, घरी वडील, आणि लॅपटॉप आठ वर्षांचा, चार जीबी रॅमचा. भाच्याकडे पुण्याला एक्सकॉम २ खेळून बघितला होता. टर्नवर चालणारे डावपेचाचे गेम मला आवडतात हे तेव्हाच कळलं, पण ९५ टक्के नेम दाखवून गोळी बाजूने गेली की माझं डोकं फिरायचं. शिवाय त्याला हार्ड डिस्कवर ४५ जीबी जागा लागते. माझ्याकडे एवढी मोकळी जागाच नव्हती. भाचा म्हणाला, "आत्या, तुझ्या लॅपटॉपवर इंटू द ब्रीच आरामात चालेल. आणि त्यात नेम चुकतच नाही." सेलमध्ये सिनेमाच्या एका तिकिटापेक्षा कमी पैशांत मिळाला. डाऊनलोडही काहीशे एमबीचं.

आठ बाय आठचा पट, आपले तीन मेक, म्हणजे आत पायलट बसलेली लढाऊ यंत्रं, आणि समोर जमिनीतून वर येणारे वेक नावाचे किडे, असा हा खेळ. मला जे सांगायचंय ते नुकसानीच्या हिशेबाबद्दल आहे. यात मेकला मार बसला तर लढाई संपल्यावर तो आपोआप दुरुस्त होतो. इमारतीला मार बसला की पॉवर ग्रिड नावाचा आकडा कमी होतो, आणि तो पुढच्या लढाईतही कमीच राहतो. ग्रिड शून्य झाला की सगळं संपलं. मी दिवसभर लोकांच्या ठेवी आणि शिलकी बघते, म्हणून मला हे चटकन पटलं. मेकची तब्येत म्हणजे रोजचा खर्च, ग्रिड म्हणजे मूळ शिल्लक. शिल्लक वाचवायला खर्च करायचा. एकदा हे डोक्यात बसल्यावर मी मेक बिनदिक्कत घरांपुढे उभे करायला लागले. जिथून नवीन किडा वर येणार त्या भोकावर एक मेक उभा केला तर त्याला एकाचा मार बसतो, पण किडा वर येत नाही. हा सौदा मी रोज करते.

दुसरी गोष्ट म्हणजे शत्रू काय करणार ते आधी दिसतं. वेक हलतात, निशाणा धरतात आणि थांबतात. मग आपली टर्न. कोण कुठे मारणार, किती मारणार, सगळं पटावर. आल्ट दाबून ठेवलं की कोण पहिला, कोण दुसरा याचे आकडेही दिसतात. आपल्या हल्ल्यातही नशिबाचा भाग नाही. मुठीचा ठोसा दोनाचा म्हणजे दोनाचाच. एक अपवाद आहे, त्यावर पुढे बोलते.

आता तो रन. माझं नेहमीचं पथक रिफ्ट वॉकर्स, म्हणजे ठोसेवाला, तोफवाला आणि लांबून गोळा टाकणारा आर्टिलरी मेक. ग्रिड एकवर आलेला. दोन मेकचं काम झालेलं, फक्त आर्टिलरी बाकी, आणि दोन इमारतींवर दोन निशाणे. एक फायरफ्लाय नावाचा किडा डावीकडे तोंड करून सरळ रेषेत एका घरावर थुंकणार होता. त्याच्या खालच्या ओळीत, त्याच्या डावीकडे दुसरा किडा, हॉर्नेट, दुसऱ्या घराला चिकटून. तोफेचा एक फटका बसल्यामुळे त्याचं एकच आयुष्य शिल्लक. एका गोळ्यात दोन घरं कशी वाचवायची? मी वीस मिनिटं बघत बसले होते, आणि मग दिसलं. आर्टिलरीचा गोळा ज्या चौकोनात पडतो त्याच्या चारही बाजूंना जे असेल ते एक चौकोन बाहेर ढकललं जातं. फायरफ्लायच्या बरोबर वरच्या रिकाम्या चौकोनात गोळा टाकला की तो एक ओळ खाली सरकणार. तोंड डावीकडेच राहणार. मग त्याचा मारा जाऊन बसणार थेट हॉर्नेटवर. आल्ट दाबून पाहिलं, फायरफ्लाय पहिला, हॉर्नेट दुसरा. म्हणजे हॉर्नेट डंख मारण्याआधीच मरणार. दोन्ही घरं वाचली, आणि मारणारा किडाच!

अशी चाल सापडते तेव्हा जो आनंद होतो त्यासाठी मी हा गेम खेळते. दुसऱ्या कुठल्याही गेमने मला तो दिलेला नाही.

मी कर्सर वरच्या चौकोनावर नेला. क्लिक करायच्या आधीच क्लिक झालं, आणि तेही एक चौकोन खाली, फायरफ्लायच्याच डोक्यावर. ज्याच्यावर गोळा पडतो त्याला एकाचा मार बसतो, पण तो ढकलला जात नाही. फायरफ्लाय जागच्या जागी राहिला, घर गेलं, ग्रिड शून्य. रिसेट टर्न त्या लढाईत मी आधीच वापरलेला होता.

इथून माझी मुख्य तक्रार सुरू होते. मेक नुसता हलवला असेल तर अनडू करता येतो. हल्ला केला की अनडू संपला. मग फक्त रिसेट टर्न उरतो, जो तुमची अख्खी टर्न सुरुवातीपासून परत देतो, आणि तोही एका लढाईत एकदाच. मी सांगलीची आहे. आमच्याकडे बुद्धिबळ घरोघर. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत मोठे झालो. मोहऱ्याला हात लागला की त्याचीच चाल करायची हा नियम वडिलांनी मला सातव्या वर्षी शिकवला, आणि मी तो आजही पाळते. पण तिथे हात माझा असतो. इथे हात ट्रॅकपॅडचा. गोळा सुटण्यापूर्वी "नक्की?" एवढं विचारायला काय हरकत आहे? सेटिंगचं प्रत्येक पान मी उलटसुलट पाहिलं. टर्न संपवताना एखादा मेक वापरायचा राहिला असेल तर गेम विचारतो. हल्ल्याआधी विचारणारा पर्याय मला सापडला नाही. ज्या गेममध्ये सगळी मजा अचूकपणात आहे, त्यात हे नसणं ही साधी उणीव नाही.

इथपर्यंत पहिल्या दिवशी लिहिलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात अशा आपोआप क्लिक आणखी चार-पाच झाल्या. मी गेममध्येच बग आहे असं धरून चालले होते. मग पतसंस्थेच्या एका पत्रात कर्सर आपोआप उडाला, आणि लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही हे लक्षात आलं. एका कोपऱ्यावर बोट ठेवलं की डुलायचा. ट्रॅकपॅडची उजवी कड केसभर वर आलेली. बॅटरी फुगली होती आणि ती खालून पॅड दाबत होती. तुमच्याही लॅपटॉपचा पॅड असा वर आलेला दिसला तर कृपा करून लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, आणि दाबून बसवायला जाऊ नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

सर्व्हिस सेंटरमध्ये तासभर बसवून सांगितलं, "मॅडम, पॅड, कीबोर्ड, बॅटरी एकत्रच बदलावं लागेल, १४,८०० होतील." मी म्हटलं, पॅड खराब झालाय हे तुम्ही उघडून पाहिलंत का? नाही. उघडायचेच वेगळे पैसे. माझ्यासमोर उघडा म्हटलं तर तसा नियम नाही म्हणे. मी लॅपटॉप उचलला आणि बाहेर पडले. बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याने माझ्यादेखत दहा मिनिटांत मागचं झाकण काढलं, उशीसारखी झालेली बॅटरी अलगद बाहेर घेतली, आणि पॅड आपोआप जागेवर बसला. बॅटरी आणि मजुरी मिळून ३,१००. त्याच्याकडूनच एक साधा तारेचा माउस घेतला. तेव्हापासून एकही चुकीची क्लिक नाही.

म्हणजे गेममध्ये बग नव्हता. तो आरोप मी मागे घेते.

रिसेटबद्दलचं मतही थोडं बदललं, पण वेगळ्या कारणाने. पटावर कधीकधी टाइम पॉड पडतात. वेकच्या पायाखाली जाण्याआधी वाचवले तर त्यातून कधी मेकची ताकद वाढवणारा रिअॅक्टर कोअर मिळतो, तर कधी नवीन पायलट. मला एका पॉडमधून आयझॅक जोन्स मिळाला. त्याचं वैशिष्ट्य काय, तर प्रत्येक लढाईत एक रिसेट जास्त. मला वाटलं, आता माझं सगळं दुखणं गेलं. पुढचे तीन आठवडे मी त्याला घेऊनच खेळले, आणि माझा खेळ बिघडला. पहिला रिसेट दुसऱ्याच टर्नला जायला लागला. "बघू तरी काय होतं" म्हणून चाल करायची आणि परत घ्यायची. आल्ट दाबून क्रम बघणं सुटलं. वीस मिनिटं पटाकडे बघत बसणं सुटलं, आणि त्याबरोबर ती फायरफ्लायसारखी चाल सापडणंही सुटलं. मग मीच त्याला उतरवला. एकच रिसेट देण्यात बनवणाऱ्यांचा विचार आहे हे आता मला मान्य आहे. हल्ल्याआधी विचारणारी खिडकी मात्र हवीच. पश्चात्ताप झाला म्हणून चाल परत घेणं वेगळं आणि हात घसरला म्हणून परत मागणं वेगळं.

आता तो अपवाद. इमारतीवर हल्ला झाला तर ग्रिड डिफेन्समुळे तिला काहीच न होण्याची सुरुवातीला १५ टक्के शक्यता असते. हल्ल्यांच्या हिशेबात ही एवढीच सोडत. कितीतरी जण तिच्यावर खूश असतील. मला ती नको आहे. घर वाचलं की मला आनंद होत नाही, कारण ते मी वाचवलेलं नसतं. आणि शेवटच्या टर्नला ग्रिड एकवर असताना त्या १५ टक्क्यांकडे आशेने बघण्यात जो वेळ जातो, तो पटाकडे बघण्यात जायला हवा.

बाकीचं थोडक्यात. चार बेटांपैकी दोन सोडवली की शेवटच्या लढाईला जाता येतं, ही माझ्यासारख्या कमी वेळवाल्यांसाठी फार मोठी सोय आहे. डेट्रायटस डिस्पोजलच्या बेटावरचे सरकते पट्टे मला अजून नीट जमत नाहीत. पिनॅकलच्या बेटावरचं बर्फ आवडतं. बेन प्रंटीचं संगीत कान दुखवत नाही, रात्री हळू आवाजात छान वाटतं. हरल्यावर एक पायलट त्याच्या अनुभवासकट पुढच्या रनमध्ये नेता येतो, त्यामुळे हरूनही हात अगदी रिकामे राहत नाहीत.

पैशांच्या बाबतीत मात्र मनापासून दाद द्यायची आहे. सबसेट गेम्स ही जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी सुरू केलेली छोटी कंपनी. २०१२ चा एफटीएल हा गेमही त्यांचाच. हा गेम फेब्रुवारी २०१८ मध्ये आला, आणि जुलै २०२२ मध्ये त्यांनी पाच नवीन पथकं, नवे पायलट, नवे शत्रू आणि आणखी अवघड पातळी अशी मोठी भर घातली. ज्यांनी आधी गेम घेतला होता त्यांना हे सगळं एक रुपया न घेता दिलं. एखादं पथक पैसे भरून उघडा, असं गेममध्ये कुठेही नाही. पथक उघडायला नाणी लागतात आणि ती नाणी खेळून मिळवलेल्या कामगिरीचीच. मी आठ महिन्यांत सहा पथकं उघडली. रस्टिंग हल्क्सनी धूर सोडून किड्यांचे हल्लेच रद्द करायचे, हे जमायला दोन आठवडे लागले, पण आता तेच माझं आवडतं पथक आहे.

एक शेवटची अडचण आहे आणि ती आमच्या घरापुरती असेल. महिन्याभरापासून वडील शेजारी खुर्ची ओढून बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "समोरच्याची चाल तुला आधीच दिसते? मग तू हरतेस कशी?" आता ते विचारत नाहीत. आता ते पटाकडे बघतात आणि म्हणतात, "थांब, माउसला हात लावू नकोस." त्यांचं वय ७६. गेममधली अक्षरं आणि आल्टचे आकडे इतके बारीक आहेत की त्यांना वाचता येत नाहीत, मला एकेक करून सांगावे लागतात: हा पहिला, हा दुसरा, हा तिसरा. परवा त्यांनी बीटल नावाच्या किड्याला पाण्यात ढकलायची चाल माझ्याआधी पाहिली. अक्षरं मोठी करायची सोय कुणाला सापडली असेल तर मला जरूर कळवा.