प्रेप गोळीचे आठ महिने

मागच्या मार्गशीर्षात माझ्या यजमानांना एचआयव्ही असल्याचे कळले आणि त्याच दिवशी केलेली माझी तपासणी निगेटिव्ह आली. त्यांचे एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारे औषध, सरकारी केंद्रातून मोफत सुरू झाले. मात्र रक्तातील विषाणू दबायला काही महिने लागतात, आणि तेवढ्या काळात माझे रक्षण व्हावे म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी मला निरोधाच्या जोडीला प्रेपची, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासूनच घ्यायची, गोळी रोज घ्यायला सांगितली. त्या दिवसांत मला या गोळीबद्दल मराठीत वाचण्यासारखे काही सापडले नव्हते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या एका गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम अशी दोन औषधे असतात. ती देण्यापूर्वी डॉक्टरांनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिन या तीन तपासण्या करून घेतल्या. टेनोफोव्हिरचा भार मूत्रपिंडांवर पडू शकतो, म्हणून क्रिएटिनिन पाहावे लागते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाने ही गोळी अचानक थांबवली तर यकृताचा तो आजार उसळू शकतो. आणि एचआयव्हीची लागण आधीच झाली असेल तर दोनच औषधांनी विषाणू आटोक्यात येत नाही, उलट तो त्या औषधांना दाद देईनासा होण्याची भीती असते. म्हणूनच दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी चुकवायची नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावले. स्त्रियांमध्ये पूर्ण संरक्षण मिळायला सुमारे एकवीस दिवस रोज गोळी घ्यावी लागते, हेही त्यांनी सांगितले, आणि आम्ही ते दिवस पाळले.

केनिया आणि युगांडात आमच्यासारख्या, म्हणजे एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा, सुमारे ४,७०० जोडप्यांवर या औषधांचा अभ्यास झाला होता. त्यात या दोन औषधांच्या गोळीने लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली, आणि ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष आढळले त्यांच्यात संरक्षण सुमारे ९० टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिल्यावर रोजच्या गोळीचे मोल मला खरे समजले.

पहिले तीन आठवडे मळमळ फार झाली. मी सकाळी चहानंतर गोळी घेत होते. ती रात्री कळण्याच्या भाकरीबरोबर पोटभर जेवून घ्यायला लागल्यावर त्रास कमी झाला आणि महिन्याभरात थांबला. माझे क्रिएटिनिन तिन्ही वेळा ठीक आले.

उन्हाळ्याचा विचार मात्र मी केला नव्हता. बाटलीवर तीस अंशांखाली ठेवा असे लिहिलेले असते, आणि आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो. मी बाटली मधल्या खोलीत, पाण्याच्या माठामागच्या कोनाड्यात, तिच्या आतली ओल शोषणारी पुडी तशीच ठेवून, झाकण घट्ट लावून जपली. आखाजीला माहेरी गेले तेव्हा वहिनींनी ती पिशवीत पाहिली आणि विचारले, "ताई, या कशाच्या गोळ्या?" मी लोहाच्या म्हणून सांगितले. त्या खोटेपणाचे मला आजही वाईट वाटते, पण यजमानांचे गुपित माझ्या एकटीचे नाही. त्या गडबडीत एक रात्र गोळी राहून गेली. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की राहिलेल्या गोळीसाठी दुप्पट घेऊ नका, नेहमीच्या वेळी एकच घ्या.

गोळी तालुक्याच्या गावी मिळत नाही, सांगून मागवावी लागते. एका औषध दुकानात चार माणसांसमोर मोठ्याने विचारले गेले की ही कोणासाठी हवी आहे. एचआयव्हीची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे, तरीही त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून मी महिनाभर आधीच जळगावहून बाटली आणते. मधे एकदा ती यायला उशीर झाला तेव्हा यजमानांच्या गोळ्या समोर होत्या आणि त्यांतही टेनोफोव्हिर असते हे मला ठाऊक होते, पण ते तीन औषधांचे उपचार आहेत आणि त्यांचा एकही दिवस चुकता कामा नये, म्हणून मी त्यांना हात लावला नाही.

ही गोळी सिफिलिस, गोनोरिया किंवा क्लॅमिडिया हे शरीरसंबंधातून पसरणारे इतर आजार रोखत नाही. संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या २०० मिलिग्रॅमचा एक डोस घेण्याच्या उपायाबद्दल मी विचारले होते. त्याने सिफिलिस आणि क्लॅमिडिया बरेच कमी झाल्याचा पुरावा मुख्यतः पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रिया यांच्यातला आहे, केनियातील स्त्रियांच्या अभ्यासात फायदा दिसला नाही, असे सांगून डॉक्टरांनी मला ते दिले नाही. आम्ही दोघांनी सिफिलिसची तपासणी करून घेतली आणि मी हिपॅटायटिस बीची लस घेतली.

ज्येष्ठात यजमानांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, तपासला, तेव्हा विषाणू मोजण्याइतकाही आढळला नाही. आम्हाला मूल हवे आहे, हे मी डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितले. विषाणू असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, तरी पुढचा अहवाल येईपर्यंत गोळी चालू ठेवू आणि मग ठरवू, असे त्यांनी सुचवले, आणि मला ते पटले. कानबाईच्या रोटांच्या आदल्या दिवशी मी नववी बाटली उघडली आहे.