जुनी जिप्सी की जुनी जीप?
घोडबंदर रोडला दोन्ही बघून आलो. जिप्सी १२९८ सीसी पेट्रोल, हलकी, चिखलातून सहज निघणारी. इंजिन मारुतीच्याच एस्टीम कारच्या घराण्यातलं. पण मागचं मॅट उचललं तर पत्र्यातून खालचा रस्ता दिसला! खाडीची हवा, दुसरं काय. वेल्डिंगवाल्याची मात्र चांदी.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, डिझेल. प्यूजोचं इंजिन, वेग बेताचा, ओढ जबर. चासी हातोडीने ठोकून पाहिली, खणखणीत. आवाज असा की सोसायटीचा झोपलेला वॉचमनही उठेल.

दोन्ही १५ वर्षांपुढच्या, म्हणजे आरटीओत फिटनेस, फेरनोंदणी, हरित कर आलाच. इंजिन काय, पुन्हा बांधता येतं. कुजलेला पत्रा कुठवर शिवणार? माझा कौल जीपला. फक्त येऊरच्या कच्च्या चढावर फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) पडतो का पाहीन, मगच बयाणा.