आधी चायनीज की आधी जपानी? चिन्हं तीच, अर्थ नाही

चायनीज आणि जपानी दोन्हींच्या लिखाणात चिनी चिन्हं वापरतात, मग एक भाषा आली की दुसरी अर्धी फुकटात मिळते का, असं जपानीच्या क्लासमधली मुलं विचारतात. मिळते, पण नेमकं काय मिळतं ते बघून ठरवा.

पेपरातले जड शब्द मिळतात. समाज, अर्थव्यवस्था, तत्त्वज्ञान, टेलिफोन, हे दोन्हीकडे सारख्याच चिन्हांत लिहितात, कारण मेइजी काळात (१८६८ ते १९१२) जपान्यांनी युरोपातल्या कल्पनांसाठी काही शब्द नवे घडवले, काही जुने चिनी शब्द नव्या अर्थाने वापरात आणले आणि चीनने ते परत उचलले.

गोची होते ती घरगुती शब्दांत. 'हात' आणि 'कागद' ही दोन चिन्हं जोडली की जपानीत पत्र (तेगामी), चीनमध्ये टॉयलेट पेपर. जपानीतलं 'मुलगी'चं चिन्ह मँडरिनमध्ये (म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत) आई. जपानीतला 'अभ्यास' (बेन्क्यो) तिकडे 'मनाविरुद्ध, ओढूनताणून', आता यात फार फरक आहे असं मला वाटत नाही म्हणा. आपल्याकडे मराठीतली शिक्षा हिंदीत शिक्षण होते ना, तसलाच प्रकार.

आणि दर वेळी जपान्यांनीच अर्थ बदललाय असंही नाही. जुन्या चिनीत ज्या चिन्हाचा अर्थ 'पळणं' होता ते आजच्या मँडरिनमध्ये 'चालणं, निघून जाणं' झालंय, जपानीत अजून पळतंच आहे. गरम पाण्याचं चिन्हही तसंच, चीनमध्ये त्याचं सूप झालं, जपानीत पाणीच राहिलं, म्हणून जपानमधल्या सार्वजनिक स्नानगृहाच्या पडद्यावर ते दिसलं की चिनी टूरिस्टला सूपच आठवणार.

उच्चारांत मँडरिन सरळ, बहुतेक चिन्हांना एकच उच्चार, पण टोन (आवाजाचा चढउतार, ज्याने शब्दाचा अर्थच बदलतो) चुकला की गेलं. जपानीत टोनची ती कटकट नाही पण 'जीवन'चं एकच चिन्ह कुठे सेइ, कुठे शो, कुठे नामा. आकारांचं म्हणाल तर चीन आणि जपान दोघांनी आपापल्या पद्धतीने सोपे केले, तैवान-हाँगकाँगने जुनेच ठेवले.

माझं मत, नोकरी डोळ्यासमोर असेल तर ती ज्या भाषेत आहे तीच घ्या, चिन्हांचा हिशोब नंतर. नुसती आवड असेल तर मँडरिन आधी, कारण एका चिन्हाला एक उच्चार डोक्यात बसला की जपानीतले ते तीन-चार उच्चार वर चढवणं सोपं जातं, उलट्या दिशेने जास्त विसरावं लागतं. फक्त दुसरी भाषा सुरू करताना चिन्हांची जुनी फ्लॅशकार्डं वापरू नका, अख्ख्या शब्दांची नवी बनवा.